कोरा सातबारा

शनिवारी सकाळी ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडच्या हिंडमार्श उपनगरात, एका जुन्या दुकानाचा लिलाव होता. ओळखीतलं एक तरुण जोडपं बोली लावणार होतं. पुढे मसाले नि किराणा, मागे राहायच्या दोन खोल्या, असा त्यांचा बेत. 'ताई, तुम्ही याच, जरा धीर येतो,' असं ती म्हणाली म्हणून मी गेले. निळसर दगडाच्या भिंती, पुढे पत्र्याचा व्हरांडा, बाजूच्या भिंतीवर कुठल्याशा जुन्या जाहिरातीची अक्षरं ऊन खाऊन खाऊन पुसट झालेली. आत रिकाम्या फळ्या, आणि त्या फळ्यांना अजून साबणाचा वास. वीस-पंचवीस माणसं फुटपाथवर उभी, त्यातली निम्मी शेजारची, म्हणजे नुसता भाव ऐकायला आलेली. लिलाव पुकारणारा पायरीवर चढला, त्यानं कोटाचं बटण लावलं आणि आधी सांगितलं, की आपण कौर्ना या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या पारंपरिक भूमीवर उभे आहोत, त्यांच्या पूर्वीच्या आणि आताच्या वडीलधाऱ्यांना आपण मान देतो. मग हातातला कागद उलटला आणि त्याच आवाजात म्हणाला, 'चला, सुरुवात कोण करतंय?'

मालक कोण ते सांगून झालं, मग विक्री सुरू झाली.

हे भूमिवंदन इथं राहणाऱ्यांना पाठ असतं. शाळेच्या कार्यक्रमात, ऑफिसच्या बैठकीत, विमान धावपट्टीवर टेकलं की. कानांना इतकी सवय होते की शब्द आत शिरत नाहीत. पण आजवर ते नेहमी दुसऱ्याच कशाच्या तरी आधी ऐकलं होतं. प्रत्यक्ष जमीन विकायच्या आधी पहिल्यांदाच ऐकलं आणि भाताच्या घासात खडा लागावा तसं झालं. त्या माणसाला ढोंगी म्हणवेना, मनापासून बोलला असावा. खटकलं ते हे की कुणाचाच चेहरा हलला नाही. माझाही नाही. मी मनातल्या मनात हिशेब करत होते की आठ लाखांच्या वर गेलं तर आमच्या मंडळींनी थांबायला हवं. ते थांबलेच. दुकान फोनवरच्या कुणा गिऱ्हाइकाला गेलं. कानाला मोबाइल लावलेली एक मुलगी दर बोलीला मान हलवायची, बस. पलीकडच्या माणसानं ते दुकान, त्या फळ्या, तो व्हरांडा कधी पाहिला होता की नाही, देव जाणे.

न बघता घेणारं गिऱ्हाईक या शहराला नवं नाही. अ‍ॅडलेडची विक्री सुरू झाली तेव्हा ते कुणीच पाहिलेलं नव्हतं, कारण ते कुठे वसवायचं हेच ठरायचं होतं. १८३४ मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदा करून दक्षिण ऑस्ट्रेलिया नावाचा प्रांत कागदावर आखला आणि त्यातली जमीन पडीक नि बिनवहिवाटीची आहे असं त्याच कायद्यात लिहून टाकलं. अट अशी की आधी ३५,००० पौंडांची जमीन विकून दाखवा, मगच वसाहत. म्हणून १८३५ मध्ये लंडनमध्ये दुकान मांडलं गेलं. ८१ पौंड भरायचे, त्यात ८० एकर शेतजमीन आणि वर शहरातला एक एकर. शहर कुठलं, तर होणार आहे ते. वाघोलीत ऊस उभा असतानाच आपण बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट बुक करतो, तसलाच प्रकार, फक्त इथं बिल्डरनंही वाघोली पाहिलेली नव्हती. विक्री रेंगाळली. मग भाव एकराला बारा शिलिंगांवर उतरवला, आधी पैसे भरलेल्यांना जास्तीचे एकर देऊन गप्प केलं, आणि उरलेला माल जॉर्ज फाइफ अँगस या व्यापाऱ्यानं कंपनी काढून उचलला. असे ४३७ हुकूमनामे, म्हणजे जमिनीवरच्या हक्काचे कागद, विकले गेले. घेणाऱ्यांतले कित्येक पुढेही इथं कधी आले नाहीत.

या सगळ्यामागचं डोकं एडवर्ड गिबन वेकफील्डचं. हा गृहस्थ एका पंधरा वर्षांच्या श्रीमंत वारसदार मुलीला फसवून पळवून नेऊन तिच्याशी लग्न केल्याबद्दल तीन वर्षं लंडनच्या न्यूगेट तुरुंगात होता. वसाहती कशा वसवाव्यात याचा सिद्धांत त्यानं तिथं बसून लिहिला. सिद्धांत थोडक्यात असा: नव्या मुलुखात जमीन फुकट किंवा फार स्वस्त दिली की मजूर बोटीतून उतरतो आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं शेत करायला लागतो, मग मोठ्या मालकाच्या शेतात राबणार कोण? म्हणून जमिनीला असा भाव ठेवायचा की मजुराला ती काही वर्षं तरी परवडू नये. आणि आलेल्या पैशातून पुढच्या मजुरांचं बोटीचं भाडं भरायचं. म्हणजे जमीन विकून माणसं आणायची आणि त्या माणसांना जमीन मिळू द्यायची नाही. मला यात कौतुक वाटतं ते त्याच्या उघडेपणाचं. आमच्याकडच्या सावकारानं हे कधी लिहून ठेवलं नसतं.

कागदावर विकलेलं शहर जमिनीवर उतरवायचं काम आलं कर्नल विल्यम लाइटकडे. क्रिकेट बघणाऱ्यांना अ‍ॅडलेड ओव्हल माहीत असतं. त्याच्या शेजारच्या टेकाडावर हात पुढे करून उभा असलेला पुतळा त्याचा. पेनांगची वसाहत स्थापन करणाऱ्या फ्रान्सिस लाइटचा हा मुलगा, जन्म मलायातला, आई मिश्र वंशाची. १८३६ च्या डिसेंबरात त्यानं जागा पक्की केली. नवा गव्हर्नर हिंडमार्श बंदरापासून लांब म्हणून कुरकुरत राहिला, जागा बदलायच्या खटपटी करत राहिला. लाइट हलला नाही. १८३७ च्या जानेवारीत मोजणी सुरू केली आणि १० मार्चला संपवली. नदीच्या दोन्ही बाजूंना मिळून १,०४२ एकर, प्रत्येकाला नंबर, मध्ये चौक, भोवती मोकळ्या हिरवळीचा पट्टा. तो पट्टा आजही आहे, मी रोज त्यातून चालत जाते. लंडनच्या हुकूमनामेवाल्यांनी २३ मार्चला आपापले एकर निवडले आणि चार दिवसांनी उरलेल्यांचा लिलाव झाला. काही पौंडांत एक एकर. ज्या एकरांवर आज बँका नि मोठमोठी दुकानं आहेत, तेही त्यातच.

शहराचा एकर मिळाला, शेताचे ८० कुठायत? तिथं घोडं अडलं. मोजणीदार मूठभर आणि मोजायचा मुलूख अफाट. शेत मिळेपर्यंत लोक शहरात तंबू ठोकून बसले. बसल्या बसल्या करणार काय, तर एकराचे तुकडे पाडून एकमेकांना विकायला लागले. ज्या मजुरांना शेतात राबायला आणलं, त्यांना राबायला शेतच नव्हतं. गव्हर्नरसाहेबही मागे नव्हते. हिंडमार्शनं आपल्या वाट्याची शहराला लागूनची शेतजमीन १८३८ मध्ये विकली, तिचे लगेच छोटे छोटे प्लॉट पडले आणि तिला त्याचंच नाव मिळालं. अ‍ॅडलेडचं पहिलं उपनगर ते. मी लिलावाला उभी होते ती हीच जमीन. म्हणजे ते दुकान बांधायच्या आधी, भिंतीवरची ती अक्षरं रंगवायच्या आधी, तिथं एक शेत होतं. फक्त कागदावरचं शेत. त्यात कधी नांगर फिरला असेल असं मला वाटत नाही.

लाइटला लंडनहून हुकूम आला की मोजणी झटपट, कमी खर्चात, अंदाजपंचे उरका. त्यानं राजीनामा दिला. त्याच्याबरोबर हाताखालच्या बहुतेकांनीही दिला. १८३९ च्या जानेवारीत त्याच्या झोपडीला आग लागून सगळी कागदपत्रं जळाली, ऑक्टोबरात तो क्षयानं गेला. पुढचा गव्हर्नर गॉलर यानं मोजणीवर, रस्त्यांवर, इमारतींवर पैसा ओतला. ती बिलं लंडननं भरायची नाकारली आणि पाच वर्षांच्या आत अख्खा प्रांत दिवाळखोर झाला. वाचवलं ते तांब्यानं. त्यातही जमीनविक्रीचा एक किस्सा आहेच. १८४५ मध्ये बरा नावाच्या ठिकाणी तांबं सापडलं तेव्हा एकदम वीस हजार एकर, वीस हजार पौंड रोख, असा सरकारी सौदा होता. एकीकडे शहरातले बडे लोक, दुसरीकडे दुकानदार नि छोटे व्यापारी. दोघांकडेही पुरती रोकड नाही, एकमेकांचं तोंड बघायची तयारी नाही, पण रोकड गोळा करायला एकत्र येणं भाग. पैसे एकत्र केले, जमीन घेतली, मधोमध रेघ मारली आणि चिठ्ठ्या टाकल्या. बड्यांच्या वाट्याला दक्षिणेकडचा तुकडा आला, त्यात फारसं काही निघालं नाही. दुकानदारांच्या तुकड्यानं अ‍ॅडलेडला पुन्हा उभं केलं. हा किस्सा मी कुणालाही रंगवून सांगते. रंगवताना हे ध्यानात येत नाही की त्या रेघेखाली कुणाची तरी भूमी होती.

आमची जमीन इंदापूर तालुक्यात आहे. होती म्हणू का आहे म्हणू, सध्या कळत नाही, कारण ती विकायचं घाटतंय. बाबा गेल्यावर वारस नोंद झाली आणि दादाच्या नावाखाली माझं नाव आलं. आत्यांनी फार पूर्वीच हक्कसोडपत्र करून दिलेलं. धाकटीला त्या दिवशी नवी साडी मिळाली होती, ती अजून तिच्या ट्रंकेत आहे. सातबारा मला दादानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. एकाखाली एक नावं, कंसात टाकलेली मेलेली माणसं, फेरफारांचे नंबर, इतर हक्कात सोसायटीचा बोजा, विहिरीत चुलत घराण्याचा हिस्सा, पोटखराबा, आकार रुपयांत नि पैशांत. माझ्या इथल्या घराचा उतारा याच्या शेजारी ठेवून बघितला. माझं नाव, नवऱ्याचं नाव, बँकेचं गहाण. संपलं. आता तर त्याचा कागदही देत नाहीत, संगणकात नोंद असते. वकिलाला विचारलं होतं, याच्या आधीचे मालक कोण, ते तपासायला नको का? तो म्हणाला, गरजच नाही, नोंदवहीत जो आहे तोच मालक, त्याची हमी सरकारची.

ही पद्धत जगाला अ‍ॅडलेडनंच दिली. ती एकरांची अदलाबदल इतक्या वेगानं झाली होती की वीस वर्षांत कुणाचं खरेदीखत कुठे आहे याचा पत्ता लागेना. काही हरवली, काही इंग्लंडात राहिलेल्या मालकांच्या कपाटात. इथला जकात अधिकारी रॉबर्ट टॉरेन्स याच्या हाताखालून जहाजांच्या मालकीच्या नोंदी जात. त्यानं जमिनीलाही तोच न्याय लावला: प्रत्येक विक्रीची साखळी उलगडत मागे जायचं नाही, सरकारी वहीतली शेवटची नोंद म्हणजेच मालकी. १८५८ मध्ये कायदा झाला आणि तिथून तो देशोदेशी गेला. आपल्याकडे सातबारा हा मालकीचा पक्का पुरावा नाही, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरा मानायचा एवढंच. म्हणून २००८ पासून केंद्र सरकारच्या भूमी अभिलेख कार्यक्रमाचं अंतिम ध्येय म्हणून हीच टॉरेन्सची हमी सांगितली जाते. तलाठी कार्यालयाचे उंबरे झिजवलेल्या कुणालाही ते ऐकून हायसं वाटेल. मलाही वाटतं, खोटं कशाला बोलू.

तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. लाइट इथं मोजणीची साखळी ओढत होता, साधारण त्याच सुमारास, १८३५-३६ मध्ये, गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट हे दोघे इंग्रज अधिकारी आमच्या इंदापुरात साखळी ओढत होते. आधीच्या प्रिंगल नावाच्या साहेबाच्या मोजणीनं आकार, म्हणजे शेतसारा, इतका चढा बसवला होता की लोक शेतं टाकून गेले होते. म्हणून नव्यानं मोजणी. इथली साखळी ६६ फुटांची, मुंबई इलाख्याची त्याच्या बरोबर निम्मी, ३३ फुटांची. ३३ गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, आणि तिकडचे नि इकडचे दोन्ही एकर सारखेच चाळीस गुंठ्यांचे. त्याच राज्याची माणसं, तेच माप. पण इंदापुरात साखळी जिथं पडेल तिथं कुणीतरी उभं होतं. मिरासदार होता, उपरी होता, वतनदार होते, इनामदार होते, आणि प्रत्येकाचं भांडण होतं. साहेबाला मातीची खोली बघावी लागली, रंग बघावा लागला, आण्यांत प्रत लावावी लागली, आणि शेवटी नंबरासमोर कुणाचं तरी नाव लिहावं लागलं. महसूल त्याच माणसाकडून घ्यायचा होता ना! अ‍ॅडलेडमध्ये महसूल नव्हता, विक्री होती. विकायच्या मालावर आधीचं नाव कशाला ठेवतील?

नाव नव्हतं असं नाही. १८३६ च्या फेब्रुवारीत राजानं दिलेल्या सनदेतच कलम आहे, की इथले मूळ रहिवासी ज्या जमिनींवर आज राहतात वा ज्यांचा उपभोग घेतात, त्यावरच्या त्यांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या हक्काला या सनदेनं बाध येणार नाही. सही-शिक्क्यासह. आणि शहर वसून तीन-चार वर्षं होतात न होतात तोच कौर्ना भाषा शिकणाऱ्या दोन जर्मन मिशनऱ्यांनी छापून ठेवलं, की यांच्यात मुलुखाचा तुकडा माणसाच्या मालकीचा असतो आणि तो बापाकडून मुलाकडे येतो. १८४० सालची गोष्ट. वारस नोंदच की ही! तोवर शहरातले सगळे एकर विकून झाले होते. टॉरेन्सची वही पुढे अठरा वर्षांनी उघडली, आणि तिच्यात प्रत्येक जमिनीचा जन्म सरकारनं ती पहिल्यांदा दिली त्या दिवशी होतो. माझ्या घराचा उतारा इतका सुबक आहे तो त्यामुळे.

कोरा सातबारा म्हटलं की आपल्याकडे कर्जमाफी आठवते. इथं सगळी सुरुवातच कोऱ्या सातबारापासून झाली, आणि तो कोरा नव्हता.

२०१८ मध्ये फेडरल कोर्टानं कौर्ना लोकांचा हक्क मान्य केला, अर्ज दाखल झाल्याला तेव्हा बरीच वर्षं होऊन गेली होती. हक्क कशावर, तर अ‍ॅडलेडच्या आसपासच्या मोजक्या तुकड्यांवर, जे अजून कुणी बांधून काढलेले नव्हते. तोही एकट्याचा ताबा नव्हे. जाण्याचा, राहण्याचा, विधी करण्याचा हक्क, इतरांच्या हक्कांसोबत. जिथं वहीत एकदा कुणाचं मालकीचं नाव चढलं, तिथं मूळ हक्क कायमचा संपला, असं कायदा मानतो. हिंडमार्शचं दुकान त्यातच. म्हणून लिलाव पुकारणाऱ्याला पायरीवर चढून ते वाक्य म्हणायला काहीच अडचण नव्हती. त्या वाक्यानं भाव एका डॉलरनंही खाली येत नाही.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगत होते तेव्हा तो म्हणाला, 'अगं, तू तिकडचं सोड, कुलमुखत्यारपत्र कधी पाठवतेस ते सांग. पार्टी थांबणार नाही.' पार्टी म्हणजे घेणारा, शेजारच्याच गावचा, उजनीच्या पाण्यावर ऊस काढून पैसे केलेला. भाव चांगला आहे. मी हो म्हटलं, आणि मग विचारलं, सातबाराच्या बारामध्ये, पिकांच्या नोंदीत, लागवड करणाराच्या जागी काय लावलंय?

'खुद्द,' दादा म्हणाला.

आमच्या शेतात खुद्द कुणी पाय ठेवलाय त्याला जमाना झाला. आजोबांच्या वेळेपासून एकच घर आमची जमीन वाट्यानं करतं. आधी बाप, आता मुलगा नि सून. उजनीच्या आधी ती जिरायत होती, ज्वारी नि करडई. बाप नांगरट करताना विहिरीवर जेवायला बसायचा तेव्हा आजी माझ्या हाती कांदा नि ठेचा पाठवायची. त्याच्या हातावरच्या भाकरीचा पदर फुगलेला असायचा आणि तो मला त्यातला एक तुकडा मोडून द्यायचाच. या घराचं नाव आमच्या सातबारावर कुठेही नाही. सातला नाही, बारालाही नाही. दर हंगामात आजोबा, मग बाबा, तलाठ्याकडे जाऊन 'खुद्द' लिहून यायचे. एकदा का वाटेकऱ्याचं नाव चढलं की कुळाचा दावा उभा राहील, ही भीती सगळ्या गावालाच होती, आणि तलाठीही गावातलाच. आमच्या सातबारावर मेलेल्या पणजोबांचं नाव कंसात का होईना, आहे. चाळीस वर्षं ऊस तोडणाऱ्याचं नाही.

मी म्हटलं, त्यांना काहीतरी द्यायला हवं. दादा म्हणाला, देऊ की, दिवाळीला कपडे नि पन्नास हजार, आणि नव्या मालकाला सांगू, यांनाच ठेव म्हणून. मी म्हटलं, वाट्याचा काही टक्का. तिकडे जरा वेळ शांतता. मग तो म्हणाला, 'कायद्यानं एक रुपयाही लागत नाही. रेकॉर्ड एकदम क्लिअर आहे आपलं, म्हणून तर पार्टीनं हा भाव दिलाय. तू टक्क्याचं बोललीस आणि ते त्यांच्या कानावर गेलं, की उद्या कोर्टात जातील, मग बस दहा वर्षं.' यातलं एकही वाक्य चूक नाही. कुलमुखत्यारपत्राचा मसुदा त्यानं त्याच रात्री पाठवला. मी त्यात सहीच्या आधी एक ओळ घालून परत पाठवलीय, वाटेकऱ्याच्या नावानिशी, रकमेच्या जागी टिंबं ठेवून. दादाचं म्हणणं, असली ओळ मुखत्यारपत्रात बसतच नाही, वकिलाला विचार. वकील शुक्रवारी भेटणार आहे.